मी न विकलेली खोली

माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणाला धक्का बसायला नको. नंदुरबारात बसून मी गेली कित्येक वर्षं लोकांना फिरायला पाठवते. हल्ली त्यातले बरेचसे समुद्रातल्या बेटांवर जातात. आणि प्रत्येक वेळी गिऱ्हाईक हातात तिकिटं घेऊन हसत हसत जिना उतरलं की माझ्या पोटात दुखतं. या अंकाच्या संपादकांनी मला ‘व्यवसायातले आनंदाचे क्षण’ लिहायला सांगितलं होतं. आनंदाचे क्षण माझ्या गिऱ्हाइकांकडे आहेत, त्यांना विचारा. माझ्याकडे जळफळाट आहे, तो मी लिहिते.

धंदा सुरू केला ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने. सुरतेला आणि पुण्याला जाणाऱ्या खासगी बसची तिकिटं विकायचे. आमच्याकडे त्या बसला लक्झरी म्हणतात, मग तिची सीट मोडकी का असेना. गंमत अशी की ह्यांना स्वतःला बस लागते. जवळच्या दोंडाईच्यापर्यंत जायचं असलं तरी लिंबू हुंगत जातात. आयुष्यभर बसची तिकिटं विकणाऱ्या माणसाला बसमध्ये उलटी होते, हे मी लग्नाच्या आधी विचारायला हवं होतं. ते कोण विचारतं? पुढे ह्यांनी बसचा काउंटर सांभाळला आणि मी शेजारी टेबल टाकून आधी रेल्वेची, मग विमानांची तिकिटं काढायला लागले. लोक मला ‘तिकीटवाल्या सुमनताई’ म्हणायला लागले.

बेटं आली ती लग्नांमुळे. पूर्वी कोणाच्या हळदीत बायका विचारायच्या, नवरा-नवरी कुठे चालले? उत्तर यायचं महाबळेश्वर. मग गोवा आलं. मग पपईने आणि मिरचीने हात दिला, मुलं पुण्याला नोकऱ्यांना लागली, आणि उत्तर अंदमान झालं. आता बाली आणि मालदीव. एका हळदीत मालदीव ऐकू आलं की त्या गल्लीतली पुढची दोन-तीन लग्नं माझ्याकडे मालदीव मागायला येतात. भाऊबंदांपैकी एकाने बाली केलं की दुसरा त्याहून लांबचं काहीतरी विचारतो. म्हणजे हा धंदा चालतोच मुळी हेव्यावर. फरक इतकाच की बाकीच्यांना हेवा वाटला तर ते माझ्याकडे येऊन तिकीट काढतात. मला वाटला तर मी कोणाकडे जाणार?

ज्यांनी यातलं काही पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मालदीवला एका बेटावर एकच हॉटेल असतं. कंटाळा आला, बाहेर पडून टपरीवर चहा घेऊ, असं चालत नाही, कारण बाहेर समुद्र आहे. म्हणून बेट चुकलं तर सगळी सुट्टी चुकली. खोल्या दोन तऱ्हेच्या, वाळूतल्या आणि पाण्यावरच्या. पाण्यावरच्या खोल्या लाकडी पुलाच्या दोन्ही अंगांना खांबांवर उभ्या असतात, खालून लाटा जातात. एका अंगाला सूर्य उगवतो, दुसऱ्या अंगाला मावळतो. ज्यांना सकाळी लवकर उठवत नाही त्यांना मी मावळतीची बाजू देते. लांबच्या बेटावर न्यायला पाण्यावर उतरणारं छोटं विमान असतं. त्याचा वैमानिक अनवाणी असतो, आणि ते फक्त उजेडात उडतं. त्यामुळे मुंबईहून निघायचं ते सकाळच्या विमानाने, नाहीतर पहिला मुक्काम विमानतळाजवळ चरफडत काढावा लागतो. जाताना दारू नेऊ नका, पूजेची मूर्ती नेऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगते. आणि मिरचीची पूड दुहेरी पिशवीत बांधा, हे खास आपल्या जिल्ह्यासाठी सांगते.

हे सगळं मी ऐकून, वाचून, फिल्म पाहून आणि परत आलेल्यांना खोदून खोदून विचारून शिकले. परत आलेला माणूस आधी स्वतःच्या घरी जातो आणि मग पेढे घेऊन माझ्याकडे येतो. तो फोटो दाखवत असतो, मी पेढा खात असते. पेढा गोड लागत नाही.

शहाद्याकडचं एक कुटुंब आठवतं. मुलाचं लग्न, मधुचंद्र पाण्यावरच्या खोलीत. मी दोघांचं आरक्षण करायला बसले तर सासूबाई म्हणाल्या, “नवी नवरी एकली कशी जाई? करवली लागी.” मी म्हटलं, मावशी, नवरा आहे की सोबत. त्या म्हणाल्या, “नवराले काय समजस?” करवली आली म्हणून नवऱ्याचा धाकटा भाऊ आला. ती दोघं पोरं एकटी कशी राहतील, म्हणून सासू-सासरे आले. असा तो मधुचंद्र घरभर पसरला. मी हॉटेलला कळवलं होतं की जोडपं नवं आहे. तिथल्या लोकांना कुठलं जोडपं ते काही कळलं नाही, त्यांनी सगळ्याच पलंगांवर फुलं पसरली. परत आल्यावर सासूबाई मला खालच्या आवाजात म्हणाल्या, “ताई, मन्हा पलंगवर बी टावेलना बदक करी ठेवेल व्हतात. या वयमा!” पण चेहरा खुलला होता, आणि बदकांचा फोटो त्यांनी काढून आणला होता. करवलीला लाटांच्या आवाजाची भीती वाटली, म्हणून तिची गादी शेवटी नव्या जोडप्याच्याच खोलीत टाकली. पाण्यावरच्या खोलीत तिसरी गादी टाकून मिळते, एवढं ज्ञान मला त्या सहलीने दिलं. बाकी मला काय मिळालं? टॉवेलाचं बदकसुद्धा मला आजवर कोणी करून दिलेलं नाही.

आणि एक होत्या नवापूरकडच्या सिस्टर. सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. गळ्यात छोटा क्रूस, बोलणं अगदी हळू. त्यांना मालदीव नको होतं, बाली नको होतं. म्हणाल्या, “ताई, मला अशी जागा द्या जिथे मला कोणी हाक मारणार नाही.” मी त्यांना आणि त्यांच्या मिस्टरांना अंदमानात एका छोट्या बेटावर, झाडीतल्या खोलीत पाठवलं. आल्यावर विचारलं, काय काय पाहिलं? त्या म्हणाल्या, “मी झोपले. मध्ये उठून समुद्र आहे का बघितलं. होता. परत झोपले.” आजवर शंभर नवऱ्या मी समुद्रावर पाठवल्या असतील, पण त्या बाईंच्या झोपेइतका हेवा मला कोणाचा वाटला नाही. ऑफिसचा फोन त्या दिवशी मी उगाचच आपटला.

तुम्ही म्हणाल, मग तूच का नाही गेलीस? आमच्या धंद्यात हॉटेलवाले एजंटांना स्वतःहून बोलावतात. या, राहा, बघा आणि मग आमच्याकडे माणसं पाठवा, असा त्यात हेतू असतो. मला पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा मुलाची दहावी होती. दुसऱ्यांदा बॅग भरली होती, तर साथ आली आणि जगातली सगळी विमानं जमिनीवर बसली. माझा पहिला पासपोर्ट एकही शिक्का न बसता संपला. दुसराही तसाच संपला. तिसरा मी काढला तो निव्वळ हट्टाने.

या सगळ्या वर्षांत मी एक गोष्ट मात्र स्वतःसाठी राखून ठेवली होती. ती म्हणजे एक खोली.

बेटाचं नाव मी लिहिणार नाही, उगाच कोणीतरी बुक करेल. लाकडी पूल जिथे संपतो तिथली, मावळतीच्या अंगाची, शेवटून दुसरी खोली. तिच्या ओट्यावरून चार पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. पायऱ्यांच्या पुढे, कमरेएवढ्या पाण्यात दोन खांब रोवलेत आणि त्यांना दोरीचा झोका टांगलाय. हॉटेलने पाठवलेल्या फिल्ममध्ये तो झोका रिकामा आहे आणि वाऱ्याने आपला आपण हलतो आहे. ती फिल्म मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हातातलं काम ठेवलं आणि परत पाहिली. त्या दिवसापासून ती खोली माझी. गिऱ्हाइकांना मी शेजारची द्यायचे, समोरची द्यायचे. त्यांना काही फरक पडत नव्हता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मी त्या झोक्याचाच फोटो लावून ठेवला होता.

झोक्याचं एवढं काय, ते कळायला कोरीटला यावं लागेल. कोरीट हे माझं माहेर. आमच्या खळ्यात कडुनिंब आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात. कितीही दूर दिलेली असो, आखाजीला ती येते. झाडाला झोका बांधतात, बायका त्यावर बसून गौराईची गाणी म्हणतात. आम्ही दोघी बहिणी, मी मोठी आणि मंगल धाकटी. लहानपणापासून झोक्यावर बसायची ती मंगल. मागून झोका द्यायची ती मी. कारण मी मोठी. ती रडली की माय म्हणायची, सुमन, अजून दे तिला. मी म्हणायचे, मला कधी? माय म्हणायची, तू मोठी शे ना. लग्नं झाली, आमच्या दोघींची पोरं मोठी झाली, तरी आखाजीला झोक्यावर मंगल आणि मागे मी. मंगल सारंगखेड्याला बागायतदाराच्या घरी पडली. केळी, पपई, तापीचं पाणी. दिसायला उजळ, स्वभावाने मोकळी, सगळ्यांची लाडकी. आणि मी बस लागणाऱ्या माणसाच्या घरी. मला तिचा हेवा वाटतो असं मी म्हणत नाही. हेवा हा शब्द कमी पडतो.

तर या वर्षी एप्रिलच्या आधी ही मंगल माझ्या ऑफिसात आली. तिच्या लग्नाचा तिसावा वाढदिवस. पुण्याच्या पोरांनी आई-वडिलांना मालदीवची भेट द्यायचं ठरवलं होतं.

“ताई, पोऱ्हेसनी इमानना तिकिटं काढी टाकात,” ती म्हणाली. “आते हॉटेल तू देख. तू तर बठ्ठा गावले फिराले धाडस. माले कोठे धाडशी?”

मी तिला तीन-चार चांगली बेटं दाखवली. ती माझ्या बोटाकडे बघतच नव्हती. तिची नजर पडद्याच्या कडेला गेली, जिथे फोटोचा एक कोपरा दिसत होता.

“हाई कोठे शे? तो झोका शे ना? ताई, माले हाईच खोली पाहिजे.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, तिथे ऊन फार लागतं.

“लागू दे. वावरमा काय सावली ऱ्हास का?”

मी म्हटलं, सकाळच्या नाश्त्याला लांब चालत जावं लागतं.

“चालसू.”

मी म्हटलं, शेवटून दुसरी आहे, वारा असतो, तुला सर्दी होईल.

मंगलने माझ्याकडे नीट पाहिलं. “ताई, तुले माले तठे धाडनं नई शे का?”

आता या प्रश्नाला काय उत्तर देणार? खरं उत्तर ‘नाही’ असं होतं. मला तुला तिथे पाठवायचं नाही, ती माझी खोली आहे, तू आधीच खूप झोके घेतलेस. पण मी दुकान मांडून बसलेली बाई. मी म्हटलं, “पाठवते की. तुला नाही पाठवणार तर कोणाला?” आणि तारखा बघायला लागले.

तारखा बघताना माझा हात थांबला. पोरांनी लग्नाचा वाढदिवस इंग्रजी तारखेने धरला होता. रजा बघितली, विमान बघितलं, हवामानसुद्धा बघितलं. आणि बरोबर मधोमध आखाजी येत होती. पुण्यात राहून पोरांना ती आठवली नाही. मंगललाही नाही, कारण तिच्या डोक्यात समुद्र शिरला होता.

“मंगल, त्या दिन आखाजी शे,” मी म्हटलं.

तिने कपाळाला हात लावला. “अरे देवा! माय वाट देखी.” तिकिटं तर निघाली होती. मग म्हणाली, “ताई, तू शे ना माय जोडे. एक सालनी तर गोट शे.”

खरं सांगते, त्या क्षणी मला थोडा आनंद झाला. या आखाजीला माय पूर्ण माझी. वाटणी नाही, मागे उभं राहणं नाही. समुद्रातला झोका तिला, माय मला. सौदा वाईट नव्हता.

मग मी तिची सहल जुळवली. कशी जुळवली ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला मी फारच वाईट वाटेन. सकाळचं विमान होतं, ते ठीक. ते गाठायला आदल्या दिवशी मुंबईला नातेवाइकांकडे मुक्काम लावला. मंगलला चातुर्मासाशिवायही कांदा-लसूण न खायचे वार असतात, ते हॉटेलच्या आचाऱ्याला कळवलं. तिच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, मऊ गादी चालत नाही, ते कळवलं. आणि मंगल बुटकी आहे, तिचे पाय लोंबकळू नयेत म्हणून झोका थोडा खाली बांधून ठेवा आणि दोर तपासून घ्या, हेही कळवलं. हॉटेलचं उत्तर आलं की अशी सूचना त्यांना आजवर कोणी केली नव्हती. मी ते उत्तर वाचलं आणि रडू आलं. म्हणजे माझ्या बहिणीचे पाय पाण्याला टेकावेत म्हणून मीच इथून दोर ओढत होते. पुन्हा मागेच उभी.

आखाजीला मी एकटीच कोरीटला गेले. भावजयीने उलट्या खापरावर मांडे टाकायला घेतले होते, आमरस तयार होता. भावाने पितरांची घागर भरली. माय ओट्यावर बसलेली. मी पाया पडले. तिने मला जवळ घेतलं, आणि माझ्या खांद्यावरून फाटकाकडे पाहिलं.

“धाकली कधय येई?”

“माय, ती येवाव नई. सांगेल व्हतं ना तुले. ती बेटवर गयी.”

“बेटवर काय शे?”

“पाणी शे.”

“पाणी तर तापीमा बी शे,” माय म्हणाली. मग मांडे मोडताना परत तेच, धाकली कधी येईल. रस वाढताना परत तेच. माझ्या ताटात रस होता आणि घशात आग. आज मी एकटी आले आहे, समोर बसले आहे, तरी हिला न आलेलीच दिसते, असं मनात आलं. खळ्यात भावाच्या सुनांनी झोका बांधला होता. मी तिकडे गेलेसुद्धा नाही.

जेवणं झाली आणि माझा फोन वाजला. मंगल, व्हिडिओवर. मी फोन मायच्या समोर धरला. मंगल झोक्यावर बसलेली. माझ्या झोक्यावर. डोक्यावर मोठी टोपी, पाय पाण्यात, मागे सगळा समुद्र. तिचे मालक फोन धरून उभे असावेत.

“माय, देख! झोका! आखाजीना झोका!” असं म्हणताना तिचा आवाज फाटला. “माय, पन आठे मांगेथून हात देनारं कोनी नई. यासले झोका देता येसच नई. मन्ही ताई कोठे शे? माले रडाले येस वं माय.”

मंगल भर समुद्रात बसून रडत होती. इतकी वर्षं मी मागे उभी होते ते तिला ठाऊक होतं, हे मला पहिल्यांदा कळलं. मला बरं वाटलं. नंतर वाईट वाटलं. पण आधी बरं वाटलं. आता माय तिला काय म्हणते, कशी समजूत घालते, याकडे माझा कान लागला होता.

माय फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाली, “थोडी बाजूले सरक. मांगलं पाणी देखू दे.”

मंगल रडता रडता थांबली. बाजूला सरकली. मायने डोळे बारीक करून पाणी पाहिलं. खालचं पाहिलं, लांबचं पाहिलं. “ते पाणी खरंच तसं शे का फोनमाच दिखस?” मंगल म्हणाली, खरंच तसं आहे. “तळ दिखस?” दिसतो म्हणाली. “बरं,” माय म्हणाली, “खाई-पी लेजो.” आणि फोन माझ्या हातात दिला.

नंतर भावजय आत गेली, भाऊ आडवा झाला. ओट्यावर आम्ही दोघीच. माय म्हणाली, “सुमन, तू हाईच इकस का हापिसमा?”

“व्हय माय.”

“इतला सालपासून?”

“व्हय.”

“आनि माले एक डाव बी इचारं नई तू.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, माय, तुझं वय बघ. ती उसळली.

“वयले काय व्हयनं? डोयानं आपरेशन तूच करी आनं ना? डोया नीट करात ते काय देखाले? गोठा देखाले?”

मग तिने सगळं सांगितलं. मोतीबिंदूच्या वेळी ती माझ्याकडे राहिली होती. दिवसभर घरात एकटी नको म्हणून मी तिला ऑफिसात नेऊन बाकावर बसवायचे. मला वाटायचं ती डुलक्या घेते. “डोयावर पट्टी व्हती, कानवर नव्हती,” ती म्हणाली. “बठ्ठं आयकं मी. उतरतं इमान, अनवाणी डायवर, पाणीवरनं घर. ती शहादानी धल्ली सासू उनी व्हती, मन्हा बरोबरनी, पोऱ्या-सूनसंगे गयी. तिन्हा पलंगवर टावेलना बदक! मी तठेच बठेल व्हतू. तव्हयपासून मन्हा पोटमा आग शे.”

मी म्हटलं, “तुन्हा पोटमा बी?”

“मंग काय? धाकली तुन्हा बापवर गयी. कोनं बी चांगलं व्हयनं का तिले आनंद व्हस.” मायने माझ्या गालावर बोटं ठेवली. “तू मन्हावर गयी.”

आयुष्यभर मला वाटत होतं की मायचं सगळं मंगलला मिळालं. रंग तिला, हसणं तिला, झोका तिला. आणि मायची पोटातली आग तेवढी माझ्याकडे आली होती, ती मला कोणी सांगितली नव्हती. इतका मोठा ऐवज माझ्याकडे आहे हे मला उतारवयात कळलं. मी त्या ओट्यावर बसून ढसाढसा रडले. माय म्हणाली, रडू नको, तिथे जायचं कसं ते सांग.

मी सांगितलं. गिऱ्हाइकाला सांगते तसं, पहिल्यापासून. मायने सगळे प्रश्न विचारले. मोठ्या विमानात संडास असतो का, छोट्यात का नसतो, भाकरी बरोबर नेता येईल का. जवळचं बेट घेतलं तर छोटं विमान लागणार नाही, बोटीने जाता येईल, असं मी सुचवलं. तिने हात झटकला. अनवाणी ड्रायव्हरचंच विमान पाहिजे. आखाजीला मात्र नको, आखाजीला पितर येतात, त्यांना घागर कोण देणार? संक्रांत झाल्यावर जाऊ. मग उठली आणि काठी टेकत खळ्याकडे निघाली. “चाल, सराव करी लेऊत.”

आणि या वयाची माझी माय कडुनिंबाच्या झोक्यावर बसली. दोर दोन्ही हातांनी घट्ट धरले, पदर खोचला. मी सवयीने मागे उभी राहिले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. किती वर्षं त्या जागी उभी राहून मी कुढले होते, आणि त्या दिवशी कोणी मला पुढे बसायला सांगितलं असतं तरी मी हलले नसते. झोका जेमतेम वीतभर पुढे जात होता. माय म्हणत होती, “अजून दे.” सुना पदर तोंडाला लावून हसत होत्या. भाऊ धावत आला, पडशील म्हणून ओरडायला लागला. मायने त्याला गप्प केलं. उतरताना माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, “धाकलीले सांगू नको. आपुन दोन्हीच जाऊत.”

मी सांगितलं नाही. मंगल काळी होऊन आणि शंख-शिंपले घेऊन परत आली तेव्हा सांगितलं नाही. मायला पासपोर्टसाठी घेऊन गेले, फोटोवाला ‘आजी, पदर थोडा मागे घ्या’ म्हणाला आणि माय त्याच्याशी भांडली, तेही नाही. डॉक्टरांनी तिचं ब्लडप्रेशर तपासून हसत हसत हो म्हटलं, तेही नाही. ह्यांना विचारलं, येता का? ह्यांनी बोट, विमान, छोटं विमान एवढं ऐकलं आणि लिंबू शोधायला लागले. काउंटर ते सांभाळतील. संक्रांत झाली की आम्ही निघतो आहोत. मावळतीचं अंग, शेवटून दुसरी खोली. झोका अजून थोडा खाली बांधा, असं हॉटेलला पुन्हा कळवलंय. या वेळी त्यांनी कारण विचारलं नाही.

हा अंक सारंगखेड्यालाही जातो, मला माहीत आहे. मंगल, तुमच्या घरी तो दर दिवाळीला येतो आणि तू दुपारी बाजेवर पडून शेवटच्या पानापर्यंत वाचतेस. तेव्हा ऐक, माय म्हणाली होती तुला सांगू नको. मी सांगितलेलं नाही, छापलेलं आहे. आता तुझ्या पोटात कसं होतं ते बघ. तुला सवय नाही, पहिल्यांदा जरा जास्त दुखेल.

त्या खोलीत तिसरी गादी टाकून मिळते, हे तू वर वाचलंसच. पण मायला अजून विचारलेलं नाही, आणि एवढ्यात विचारायचा माझा विचारही नाही. थोडे दिवस जळ आधी.